इंग्रजी ‘नो’ आणि त्याचे डच पर्याय : एका क्रियापदाचा इतिहास

१

दोन भाषा एकाच कुळातील असल्या, त्यांचे प्रदेश समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्याने विभागलेले असले आणि त्यांच्या भाषकांचा परस्परांशी शतकानुशतके व्यापार, युद्ध व धर्मचर्चा या निमित्ताने संबंध आलेला असला, म्हणजे त्यांमधील अनुवाद सुकर असावा, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. इंग्रजी आणि डच या दोन पश्चिम जर्मानिक भाषांच्या बाबतीत हा समज विशेष दृढ आहे. घर, पाणी, हात, पुस्तक अशा नामांपुरता तो बव्हंशी खराही ठरतो. परंतु इंग्रजीतील अगदी नित्याच्या वापरातील क्रियापदांकडे वळले की अनुवादकाला पहिल्याच पावलाला थांबावे लागते. ‘जाणणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘नो’ हे याचे उत्तम उदाहरण होय.

एखादी गोष्ट घडली हे माहीत असणे, एखाद्या मनुष्याशी परिचय असणे, एखादी भाषा अवगत असणे, अंधारातून पुढे आलेल्या व्यक्तीला आवाजावरून ओळखणे, हे सर्व इंग्रज मनुष्य या एकाच क्रियापदाने सांगतो. पोहता येणे हेदेखील तो, ‘कसे’ या अर्थाचा एक शब्द जोडून, त्याच क्रियापदाने सांगू शकतो. डच मनुष्याला तसे करता येत नाही. वस्तुस्थिती माहीत असण्यासाठी त्याच्याजवळ ‘वेटेन’ हे क्रियापद आहे. व्यक्ती, स्थळ, भाषा वा ग्रंथ यांच्याशी असलेल्या परिचयासाठी ‘केन्नेन’ आहे. आणि अंगी असलेल्या कौशल्यासाठी ‘कुन्नेन’ आहे. यांखेरीज ओळख पटणे या अर्थी ‘हेर्केन्नेन’ व परिचय होऊ लागणे या अर्थी ‘लेरेन केन्नेन’ असे प्रयोग आहेतच. ‘नो’ या एका शब्दापुढे कोशकाराने चार-पाच डच शब्द मांडले तरी त्यांतील कोणता घ्यावयाचा हे कोश सांगू शकत नाही. ते प्रत्येक वाक्यापुरते अनुवादकालाच ठरवावे लागते.

या अडचणीचे स्पष्टीकरण पुष्कळदा असे दिले जाते की, डच भाषा ज्ञानाचे सूक्ष्म भेद दर्शविण्यात स्वभावतःच अधिक समर्थ आहे आणि इंग्रजी त्या बाबतीत दरिद्री आहे. हे स्पष्टीकरण इतिहासाला धरून नाही. इंग्रजीतही हे तिन्ही भेद एके काळी तीन निरनिराळ्या क्रियापदांनी दाखविले जात असत. ते कसे लोपले हे पाहिल्यावाचून अनुवादकाच्या आजच्या अडचणीचे खरे स्वरूप कळणार नाही.

२

या सर्व शब्दांच्या मुळाशी दोन प्राचीन धातू आहेत आणि ते दोन्ही संस्कृताच्या अभ्यासकाला परिचित आहेत. पहिला ‘विद्’ व दुसरा ‘ज्ञा’.

डच ‘वेटेन’ आणि प्राचीन इंग्रजी ‘विटान’ ही क्रियापदे ‘विद्’शी संबद्ध आहेत. संस्कृत दकाराच्या जागी जर्मानिक भाषांत तकार-टकार आढळतो, हा याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या वर्णपरिवर्तनाच्या नियमाचाच एक भाग आहे. परंतु येथील साम्य केवळ वर्णांचे नाही; ते रूपरचनेचेही आहे. ‘मी जाणतो’ या अर्थाचे प्राचीन इंग्रजी ‘वाट’, गॉथिक ‘वाइट’, ग्रीक ‘ओइदा’ आणि संस्कृत ‘वेद’ ही रूपे मूळची पूर्णभूतकालवाचक असून अर्थाने मात्र वर्तमानकाळाची आहेत. मूळ धातूचा अर्थ ‘पाहणे’ असा होता. लॅटिन ‘विदेरे’मध्ये तो टिकून आहे. ज्याने पाहिले तो आता जाणतो, असा हा अर्थसंक्रम आहे. ‘विद्’ धातूला वर्तमानकाळी लिट्-लकाराचे परस्मैपदी प्रत्यय विकल्पाने होतात, असे पाणिनीने अष्टाध्यायीत (३.४.८३) नमूद केले आहे. डच मनुष्य आज ‘इक वेट’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी जे रूप येते त्याची वंशपरंपरा पाणिनीने नोंदविलेल्या या वैशिष्ट्यापर्यंत जाऊन भिडते.

‘ज्ञा’ धातूची संतती अधिक विस्तृत आहे. डच ‘केन्नेन’ व ‘कुन्नेन’, तसेच इंग्रजी ‘नो’, ‘कॅन’ व ‘केन’ ही सर्व त्याच कुळातील होत. इंग्रजी ‘नो’च्या लेखनात आरंभी येणारा अनुच्चारित ककार हा या नात्याचा पुरावा आहे. प्राचीन इंग्रजीत तो उच्चारला जात असे. ‘केन्नेन’ हे मूळचे ‘कुन्नेन’चे प्रयोजक रूप होय. गॉथिकमध्ये त्याचा अर्थ ‘कळविणे, माहीत करून देणे’ असा होता. संस्कृतात ‘ज्ञा’पासून ‘ज्ञापयति’ होते तशीच ही घटना आहे. पुढे ‘कळविणे’ हा अर्थ मागे पडून ‘परिचय असणे’ हा अर्थ डचमध्ये रूढ झाला. ‘कुन्नेन’ मात्र ‘शकणे, येणे’ या अर्थाकडे झुकले. या दोघांचे मूळचे सख्य आजही पुरते संपलेले नाही. हॉलंडच्या बोलचालीच्या भाषेत ‘कुन्नेन’च्या जागी ‘केन्नेन’ची रूपे योजण्याची प्रवृत्ती आढळते आणि शाळेत तो दोष म्हणून सुधारला जातो.

३

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे स्थूलमानाने इ. स. ११०० पूर्वीच्या काळात, ज्ञानवाचक क्रियापदांची व्यवस्था आजच्या डचशी पुष्कळशी जुळणारी होती. वस्तुस्थिती माहीत असणे यासाठी ‘विटान’. भाषा, विद्या वा व्यक्ती अवगत असणे आणि एखादी गोष्ट करता येणे यासाठी ‘कुन्नान’. आणि ओळखणे, ध्यानी येणे यासाठी ‘क्नावान’, असा हा संसार होता. त्यांतील तिसरे क्रियापद बहुधा उपसर्ग लावूनच योजले जाई आणि महत्त्वाने ते इतर दोघांहून कनिष्ठ होते. आजचे ‘नो’ ते हेच.

मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात, ११०० ते १५०० या चार शतकांत, हा तोल बदलला. ‘क्नावान’ने प्रथम परिचयाचे क्षेत्र व्यापले, नंतर ‘विटान’च्या क्षेत्रात शिरकाव केला. ‘कुन्नान’ हे दुसऱ्या क्रियापदाला साह्य करणारे पद बनत गेले आणि आजच्या ‘कॅन’मध्ये त्याचा स्वतंत्र ज्ञानवाचक अर्थ उरला नाही. ‘विटान’ची रूपे सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत टिकली. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात ‘वॉट’ व ‘विस्ट’ ही रूपे ठिकठिकाणी आढळतात. परंतु ती तेव्हाच जुनी वाटू लागली होती. शब्द मरणपंथास लागला असता त्याच्या रूपांविषयी भाषकांत कसा संभ्रम उत्पन्न होतो, याचे एक बोलके उदाहरण येथे देता येईल. ‘निश्चितपणे’ या अर्थाचे ‘इविस’ हे एक जुने अव्यय होते. डच ‘खेविस’ हे त्याचे सहोदर. पुढे लेखकांनी त्यातील ‘इ’ हे ‘मी’ या अर्थाचे सर्वनाम समजून उरलेल्या भागाचे ‘विस’ असे एक क्रियापदच कल्पिले. जे क्रियापद भाषेत कधीच नव्हते ते अशा रीतीने काव्यात अवतरले.

आज इंग्रजीत या कुळाचे अवशेष विखुरलेले आहेत. बुद्धी, साक्षीदार, शहाणा या अर्थांच्या शब्दांत ‘विद्’ धातू जिवंत आहे. ‘धूर्त’ या अर्थाचा ‘कनिंग’ हा शब्द मुळात ‘जाणता’ एवढाच अर्थ सांगणारा होता आणि ‘असंस्कृत’ या अर्थाचा ‘अन्कूथ’ म्हणजे मूळचा ‘अनोळखी’. स्कॉटलंडमध्ये ‘केन’ हे क्रियापद अद्याप बोलीत आहे. परंतु तेथेही ते माहिती व परिचय या दोन्हींसाठी वापरले जाते. भेद तेथेही राहिलेला नाही.

डच भाषेत याच्या उलट घडले. ‘वेटेन’, ‘केन्नेन’ व ‘कुन्नेन’ टिकली. ‘क्नावान’चे सहोदर असे स्वतंत्र क्रियापद मात्र तिच्यात उरले नाही. म्हणजे इंग्रजीने जे एक ठेवले ते डचने गमावले आणि डचने जी ठेवली त्यांपैकी एक इंग्रजीने टाकून दिले व दुसऱ्याचा अर्थ पालटला. रोजच्या व्यवहारात ‘नो’ला सरळ प्रतिशब्द सापडत नाही, याचे ऐतिहासिक कारण हे होय.

४

या भेदाचे परिणाम अनुवादात कसे उतरतात हे पाहण्यासाठी १६११ चे इंग्रजी बायबल आणि १६३७ चे डच राज्यबायबल (‘स्टाटेनफेर्टालिंग’) यांची तुलना उपयुक्त ठरते. डोर्ड्रेख्ट येथील १६१८–१९ च्या धर्मपरिषदेच्या निर्णयानुसार सिद्ध झालेला हा डच ग्रंथ इंग्रजीवरून नव्हे, तर हिब्रू व ग्रीक मूळावरून केलेला आहे. त्यामुळे एकाच मूळाची दोन भाषांतरे समोरासमोर ठेवता येतात आणि ‘नो’च्या जागी डचमध्ये काय येते याची प्रत्यक्ष परीक्षा होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील एक प्रसंग आहे. स्केवा नावाच्या यहुदी मुख्य याजकाचे सात पुत्र, पौल ज्याचा प्रचार करतो त्या येशूच्या नावाने भूत काढू पाहतात. त्यांचा येशूशी स्वतःचा काहीच संबंध नाही. ते नाव त्यांनी उसने घेतलेले आहे. भूत त्यांना उलट विचारते की, येशू मला ठाऊक आहे, पौलही मला ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? त्यानंतर भूतबाधा झालेला मनुष्य त्यांच्यावर झेप घेतो आणि ते जखमी व नग्न अवस्थेत पळ काढतात. ग्रीक मूळात येशूसाठी ‘गिनोस्को’ व पौलासाठी ‘एपिस्तामाइ’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. लॅटिन व्हल्गेटमध्ये अनुक्रमे ‘नोवी’ व ‘स्किओ’ येतात. ल्यूथरच्या जर्मन अनुवादातही दोन क्रियापदे आहेत. डच अनुवादकांनी येशूसाठी ‘केन्नेन’ व पौलासाठी ‘वेटेन’ योजले. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘नो’ हेच आले.

ग्रीक मूळातील हा भेद अर्थाचा आहे की केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी केलेला आहे, याविषयी मतभेद संभवतो. परंतु भेद आहे, एवढे निर्विवाद. आणि तो ग्रीक, लॅटिन, जर्मन व डच वाचकांपर्यंत पोहोचला, इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचला नाही. ज्या प्रसंगाचे सारे मर्म ‘कोण कोणाला कितपत ओळखतो’ या प्रश्नात आहे, तेथे ही हानी लहान म्हणता येणार नाही. त्याबरोबरच डच अनुवादकांनी यासाठी कोणती किंमत दिली तेही पाहिले पाहिजे. ‘वेटेन’चे साक्षात कर्म म्हणून व्यक्ती योजणे आजच्या डचमध्ये रूढ नाही. ग्रीकातील द्वैत राखण्यासाठी त्यांनी आपल्या भाषेला ताण दिला.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात (ओवी १७) पेत्र येशूला म्हणतो की, तुला सर्व काही ठाऊक आहे, माझी तुझ्यावर प्रीती आहे हेही तू जाणतोस. ग्रीकात येथे प्रथम ‘ओइदा’चे व नंतर ‘गिनोस्को’चे रूप आहे. इंग्रजीत अपेक्षेप्रमाणे दोन्हीकडे ‘नो’ आहे. डचमध्ये येथे तरी दोन क्रियापदे यावीत, अशी अपेक्षा होईल. परंतु तेथेही दोन्हीकडे ‘वेटेन’च आहे. याचे कारण व्याकरणात सापडते. दुसऱ्या विधानाचे कर्म ‘की’ने आरंभ होणारे गौण वाक्य आहे आणि अशा वाक्यापूर्वी ‘केन्नेन’ येऊ शकत नाही. ‘वेटेन–केन्नेन’ हा भेद केवळ अर्थाचा नसून वाक्यरचनेचाही आहे. ग्रीकातील रेषा आणि डचमधील रेषा एकाच ठिकाणी आखलेल्या नाहीत. डचजवळ दोन क्रियापदे आहेत एवढ्यावरून ती ग्रीकाचा प्रत्येक भेद वाहून नेईल असे मानणे चुकीचे आहे.

तिसरे उदाहरण उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभीचे, आदाम व हव्वा यांच्या समागमाचे. हिब्रू ‘यादा’ हे क्रियापद जाणणे व समागम करणे हे दोन्ही अर्थ धारण करते. इंग्रजीने ‘नो’ योजून हिब्रूची द्व्यर्थता जशीच्या तशी ठेवली. डच अनुवादकांनी ‘बेकेन्नेन’ हे चौथेच क्रियापद निवडले. ते ‘केन्नेन’पासूनच झालेले असल्यामुळे ज्ञानाशी असलेला धागा तुटला नाही. पुढे मात्र ‘बेकेन्नेन’चा रूढ अर्थ ‘कबूल करणे’ असा स्थिरावला आणि आजच्या डच वाचकाला तो जुना अर्थ बायबलाच्या संदर्भातच कळतो. एका निर्णयाचा परिणाम पुढील शतकांतील अर्थपालटामुळे कसा बदलतो, याचे हे उदाहरण आहे.

५

कोशकारांपुढे हीच समस्या वेगळ्या रूपाने उभी राहिली. डचच्या सेवेत असलेला इंग्रज सैनिक हेन्री हेक्सम याने रॉटरडॅम येथून १६४७ व १६४८ मध्ये इंग्रजी–डच आणि डच–इंग्रजी असा द्विखंड कोश प्रसिद्ध केला. त्यानंतर १६९१ मध्ये ॲमस्टरडॅम येथे विलेम सेवेल याचा कोश निघाला. द्विभाषिक कोशाची रचनाच अशी असते की, एका बाजूला एक शब्द व दुसऱ्या बाजूला त्याचे ‘समानार्थी’ शब्द. या मांडणीमुळे वाचकाच्या मनात असे बिंबते की, ते सर्व शब्द परस्परांच्या जागी येऊ शकतात. ऐतिहासिक पद्धतीचे कोश या भ्रमावरचा उतारा होत. मत्थियास दे फ्रीस याने आरंभिलेल्या बृहत् डच कोशाचा पहिला भाग १८६४ मध्ये निघाला आणि तो १९९८ मध्ये पूर्ण झाला. ऑक्सफर्ड कोशाचे प्रकाशन १८८४ ते १९२८ या काळात झाले. शब्दाचे अर्थ कालक्रमाने मांडल्यामुळेच ‘नो’ने दुसऱ्यांची किती घरे बळकावली हे स्पष्ट झाले.

इंग्रजीने गमावलेला भेद इंग्रज तत्त्वचिंतकांना पुन्हा परिभाषेच्या रूपाने उभारावा लागला, ही घटना या संदर्भात लक्षणीय आहे. जॉन ग्रोट याने १८६५ मध्ये परिचयरूप ज्ञान व विधानरूप ज्ञान यांत भेद केला, आणि तो समजावून देण्यासाठी ग्रीक, लॅटिन, जर्मन व फ्रेंच भाषांतील क्रियापदांच्या जोड्यांचा आधार घेतला. बर्ट्रंड रसेल याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असाच भेद ज्ञानमीमांसेचा पाया म्हणून मांडला. गिल्बर्ट राइल याने १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांतील भेदावर भर दिला. राइलचा दुसरा प्रकार डचमध्ये न्यावयाचा झाल्यास अनुवादकाची अडचण चांगलीच दिसून येते. त्याचे शब्दशः रूप ‘वेटेन हू’ असे होईल. परंतु कसे पोहावे हे ज्याला ‘वेटेन’च्या अर्थाने ठाऊक आहे त्याला पोहता येतेच असे नाही, पुस्तक वाचूनही तेवढे कळते. राइलला अभिप्रेत असलेले कौशल्य ‘कुन्नेन’मध्ये आहे. आणि ‘कुन्नेन’ योजावे तर, बुद्धिमान कृती हे ज्ञानच आहे हा त्याचा मुख्य सिद्धान्तच वाक्यातून निसटतो, कारण आजचा डच भाषक ‘कुन्नेन’ला ज्ञानवाचक क्रियापद मानत नाही. इंग्रजीत जो युक्तिवाद एका शब्दाच्या दोन प्रयोगांवर उभा आहे, तो डचमध्ये दोन भिन्न शब्दांवर उभा करावा लागतो.

६

मराठी अभ्यासकाला ही समस्या परकी वाटण्याचे कारण नाही. ‘तो आला हे मला माहीत आहे’, ‘मी त्याला ओळखतो’ आणि ‘मला पोहता येते’ ही तीन वाक्ये अनुक्रमे ‘वेटेन’, ‘केन्नेन’ व ‘कुन्नेन’ यांच्या जवळ येतात. कुळाच्या दृष्टीने मात्र मराठीची गती इंग्रजीसारखी आहे. ‘विद्’ धातू तिच्यात विद्या, विद्वान, वेदना अशा तत्सम शब्दांत उरला, चालते क्रियापद म्हणून उरला नाही. ‘ज्ञा’ धातू ‘जाणणे’मध्ये टिकला. असे असूनही मराठीत भेद लोपला नाही. ‘माहीत’, ‘ठाऊक’, ‘ओळखणे’, ‘येणे’, ‘कळणे’ अशा अन्य मार्गांनी आलेल्या शब्दांनी तो पुन्हा उभा केला. जुने क्रियापद गेले म्हणजे भेद कायमचा गेला असे नव्हे. शिवाय मराठीतील रेषाही डचपेक्षा निराळी आहे. भाषा ‘येते’, असे मराठी म्हणते आणि भाषेला कौशल्यात धरते. डच तिच्यासाठी ‘केन्नेन’ योजते आणि तिला परिचितांच्या वर्गात बसविते. शिवाय ज्याला पोहता येते तो मराठी वाक्यात कर्ता म्हणून पुढे येत नाही. डच वाक्यात तो कर्ताच असतो.

या विवेचनातून अनुवादाच्या अभ्यासकाला दोन गोष्टी घेता येतील. पहिली अशी की, डच अनुवादकाने प्रथम कर्माकडे पाहावे. गौण वाक्य असेल तर ‘वेटेन’, व्यक्ती, स्थळ वा भाषा असेल तर ‘केन्नेन’, क्रिया असेल तर ‘कुन्नेन’, हा नियम बहुसंख्य ठिकाणी पुरेसा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जेथे दोन्ही क्रियापदे व्याकरणदृष्ट्या चालतात, तेथे नियम संपतो. ‘वाट’ किंवा ‘उत्तर’ हे कर्म ‘वेटेन’लाही चालते, ‘केन्नेन’लाही चालते; मात्र वाट ‘वेटेन’ म्हणजे कसे जावयाचे ते ठाऊक असणे आणि वाट ‘केन्नेन’ म्हणजे ती पायांखालची असणे. इंग्रजी कादंबरीत एखाद्या स्त्रीविषयी केवळ ‘तिने त्याला जाणले’ अशा अर्थाचे भूतकाळी वाक्य आले, तर तिने त्याला त्या क्षणी ओळखले की ती त्याला पूर्वीपासून ओळखत होती, हे डच अनुवादकाला ठरवावेच लागते, आणि मूळ लेखकाने ते कदाचित हेतुपुरःसर मोघम ठेवलेले असते. येथे डच वाचकाला मूळाहून अधिक सांगितले जाते. इफिसच्या प्रसंगी इंग्रजी वाचकाला मूळाहून कमी सांगितले गेले. अनुवादातील चूक म्हणून आपण यांपैकी दुसऱ्या प्रकाराकडेच बहुधा बोट दाखवितो. पहिला प्रकार निर्दोष व ओघवत्या वाक्यांत लपलेला असल्यामुळे नजरेतून सुटतो. मूळ समोर ठेवून प्रत्येक ‘नो’पाशी थांबल्यावाचून तो उघडकीस येत नाही.